घरबसल्या कमाई: आधी वही, मग ब्लॉग



"ब्लॉग लिहून घरबसल्या खरंच पैसे मिळतात का?" हा प्रश्न हल्ली महिला मंडळात, भिशीत, अगदी प्रवचन संपल्यावर चपला घालतानासुद्धा ऐकू येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळीस ते साठ वयाच्या असतात. मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी, दुपार मोकळी, हातात मोबाईल, आणि गाठीला स्वयंपाकाचा, सणावारांचा, घर चालवण्याचा वीस-तीस वर्षांचा अनुभव. प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तरं मात्र दोन टोकांची मिळतात. मोबाईलवरच्या जाहिराती सांगतात, महिन्याला पन्नास हजार, लाख, तेही रोज एक तास काम करून. घरातले सांगतात, हे सगळं फसवं आहे, तू कशाला या भानगडीत पडतेस.

माझं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ब्लॉगमधून पैसे मिळतात. पण ते लॉटरीसारखे मिळत नाहीत, छोट्या दुकानासारखे मिळतात. हळूहळू, थोडे थोडे, आणि वही नीट ठेवणारीलाच. आपल्यापैकी कितीतरी जणी व्यापाऱ्यांच्या घरातल्या. भांडवल किती, माल कोणता, गिऱ्हाईक कोण, हातात काय उरणार, हे विचारल्याशिवाय आपल्या घरात कुणी दुकानाचं शटर उघडत नाही. मग ब्लॉग म्हटला की हे प्रश्न आपण का विसरतो?

कमाईचं नाव काढलं की काहींना उगाच अपराधी वाटतं. त्यांना मी एक आठवण करून देते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यातला पहिलाच गुण आहे न्यायसंपन्न विभव, म्हणजे न्यायानं मिळवलेलं धन. गृहस्थानं धन मिळवूच नये असं तिथे म्हटलेलं नाही. ते कसं मिळवावं हे सांगितलं आहे. त्याच यादीत आणखी एक गुण आहे: आयोचित व्यय, म्हणजे मिळकत पाहून खर्च. ब्लॉगच्या कमाईबद्दल मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं या दोन गुणांत मावतं. एक रुपया मिळायच्या आधी हजारो रुपये घालवू नका, आणि जो रुपया येईल तो सरळ मार्गानं येऊ द्या.

पैसे येतात तरी कुठून?

हे आधी समजून घ्या, कारण इथेच गोंधळ असतो. लेख लिहिला म्हणून कुणी पैसे देत नाही. आपल्या पानावर जी जाहिरात दिसते, तिचे पैसे मिळतात. लेख म्हणजे रस्त्यावरची भिंत. भिंतीसमोरून माणसं गेली तरच जाहिरातवाला भाडं देतो.

सर्वांत सोपी वाट म्हणजे गूगलचं ब्लॉगर. ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलनं ती विकत घेतली. तिथे ब्लॉग उघडायला पैसे लागत नाहीत. जाहिराती लावणारी गूगलची व्यवस्था म्हणजे अ‍ॅडसेन्स, तीही २००३ सालचीच. हिंदी पानांना अ‍ॅडसेन्सची दारं डिसेंबर २०१४ मध्ये उघडली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे मराठीत लिहून जाहिरातीचे पैसे मिळणं ही आपल्या पिढीनं आत्ता आत्ता पाहिलेली गोष्ट आहे.

आता देण्याघेण्याचे नियम पाहा. अ‍ॅडसेन्ससाठी अर्ज करावा लागतो आणि तो नामंजूरही होतो. पानावर स्वतःचं, पुरेसं आणि वाचण्यासारखं लेखन हवं. मंजुरी मिळाल्यावर खात्यात १० डॉलर जमले की घराच्या पत्त्यावर पोस्टानं एक पिन क्रमांक येतो. तो भरून पत्ता पक्का करायचा. एकूण १०० डॉलर होईपर्यंत पैसे हातात येत नाहीत, खात्यातच साठत राहतात. १०० पूर्ण झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम निघते आणि बँकेत रुपयांत जमा होते. पूर्वी हे पैसे मुख्यतः जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की मिळायचे. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दिसली यावर हिशेब होतो.

दुसरी वाट अ‍ॅफिलिएटची. आपण एखाद्या वस्तूबद्दल लिहायचं, खरेदीच्या संकेतस्थळाची खास लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली तर आपल्याला दलाली. तिसरी वाट म्हणजे एखादी कंपनी पैसे किंवा वस्तू देऊन आपल्याकडून लिहवून घेते. आणि चौथी, जिला मी सगळ्यांत भक्कम मानते, ती म्हणजे ब्लॉगला पाटी समजायचं आणि पाटीखाली आपला स्वतःचा माल विकायचा. तिच्याकडे नंतर येते.

पाटी-पेन्सिल घ्या, हिशेब करू

समजा, तुमच्या ब्लॉगवर एक पान हजार वेळा वाचलं गेलं की सरासरी ४० रुपये मिळतात. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरला आहे. विषय, वाचक कुठला, कोणता महिना, यावर तो कमी-जास्त होतो. तुमचा खरा आकडा तुमच्या खात्यातच दिसेल.

रोज १०० वाचनं झाली तर महिन्याला ३,००० झाली. कमाई १२० रुपये. डॉलर ८५ रुपये धरला तर १०० डॉलर म्हणजे ८,५०० रुपये. ८,५०० भागिले १२० केलं तर पहिली रक्कम हातात यायला सुमारे ७१ महिने लागतील, जवळजवळ सहा वर्षं!

रोज १,००० वाचनं झाली तर महिन्याला १,२०० रुपये. मग सात-साडेसात महिन्यांत पहिली रक्कम येईल. पण रोज हजार वाचनं ही थट्टा नाही. मंडळातल्या सगळ्याजणी, माहेर, सासर, जावा-नणंदा, शेजारच्या सोसायट्या, सगळे धरले तरी हजार होत नाहीत. आणि झाले तरी रोज कोण येणार? वाचक अनोळखी हवा, तो गूगलवर काहीतरी शोधत आपल्या पानावर यायला हवा. त्यासाठी शंभर-दीडशे चांगले लेख आणि दोनेक वर्षांचा धीर लागतो.

त्यात २०२४ पासून भारतातही गूगलच्या शोधात सगळ्यांत वर यंत्रानं लिहिलेलं उत्तर दिसू लागलं आहे. "साबुदाणा खिचडी कशी करतात" एवढंच विचारणाऱ्याला तिथेच उत्तर मिळतं. तो खाली कुणाच्या ब्लॉगवर कशाला येईल? म्हणून जे सगळीकडे आहे ते लिहून आता भागत नाही.

हा हिशेब मी कुणाला नाउमेद करायला मांडलेला नाही. हिशेब माहीत असला की पहिल्या सहा महिन्यांत बारा रुपये जमलेले पाहून रडू येत नाही. आणि कुणी "तीन महिन्यांत पन्नास हजार" म्हणालं की लगेच कळतं, त्याला रोज किती हजार वाचनं लागतील.

शिकवणीचा धंदा

माझ्या ओळखीतल्या एका बहिणीची भिशी लागली, २४,००० रुपये. त्यातले १८,००० तिनं ब्लॉगमधून कमाई शिकवणाऱ्या एका वर्गाला भरले. वर्ग ऑनलाइन होता, बहुतेक भाग आधीच रेकॉर्ड केलेला. त्यात ब्लॉगर कसं उघडायचं, लेख कसा टाकायचा, अ‍ॅडसेन्सचा अर्ज कसा करायचा, एवढंच होतं. ही सगळी माहिती गूगलच्या मदतीच्या पानांवर फुकट मिळते. शेवटच्या भागात "आता आमचा पुढचा कोर्स घ्या, अर्ध्या किमतीत" असं होतं. तिनं ब्लॉग सुरू केला, अकरा लेख लिहिले आणि सोडून दिला. मघाच्या हिशेबानं महिन्याला १,२०० रुपये मिळाले असते तरी ते १८,००० भरून निघायला पंधरा महिने लागले असते. १२० रुपयांनी साडेबारा वर्षं. घरात तिनं हे अजून सांगितलेलं नाही. पैशांपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण आता ती कुठलीही नवी गोष्ट करायला धजत नाही.

या वर्गांचा धंदा समजून घ्या. त्यांना ब्लॉगमधून किती मिळतं कोण जाणे, तुमच्या फीमधून नक्की मिळतं. सोन्याची खाण सापडलेला माणूस दारोदार फावडी विकत फिरत नाही. शिकायचं असेल तर घरातल्या मुलाला, सुनेला, नातीला दोन रविवार मागा. पाठशाळेतली कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा शिकवेल. तिला प्रेमानं काहीतरी द्या. हा झाला आयोचित व्यय.

स्वतःचं नाव असलेला पत्ता हवा, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन, तर वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. पण पहिल्या वर्षी त्याचीही गरज नाही. जागा भाड्यानं देणाऱ्या कंपन्या पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि नूतनीकरणाच्या वेळी दर वाढवतात. तेव्हा सही करण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. आपण साडीसुद्धा रंग जाईल का विचारून घेतो!

आणि जिथे काम देण्याआधी पैसे मागतात, तिथून उठून निघा. "व्हिडिओला लाईक करा, हॉटेलला स्टार द्या, दिवसाला हजार रुपये मिळवा" असे निरोप येतात. सुरुवातीला दीडशे-दोनशे खरंच देतात, मग "मोठं काम" घेण्यासाठी अनामत मागतात आणि ती अनामत वाढत जाते. ते ब्लॉगिंग नाही, लुबाडणूक आहे. "अ‍ॅडसेन्सचं मंजूर झालेलं खातं विकत देतो" म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा, कारण असं खातं दुसऱ्याच्या नावावर चालवायला परवानगीच नाही. कुणी फसलं असेल तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

मग कमाई होते तरी कुणाची?

निशा मधुलिका हे नाव तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. मुलं मोठी झाली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी २००७ मध्ये शाकाहारी पदार्थांचा ब्लॉग लिहायला सुरुवात केली, तोही हिंदीत. यूट्यूबवर त्या २०११ मध्ये आल्या, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. आज त्यांचं नाव घरोघरी आहे, पण मधली चार वर्षं कुणी मोजत नाही. चार वर्षं त्या लिहीत होत्या.

त्याही आधीच्या तरला दलाल पाहा. पुण्यात जन्मलेल्या, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या. १९६६ मध्ये त्यांनी घरातच स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. त्यांचं पहिलं पुस्तक १९७४ साली आलं, म्हणजे आठ वर्षं शिकवल्यावर. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालची. ती लेकी-सुनांच्या रुखवतात का जायची? कारण त्यातल्या मापानं केलेला पदार्थ बिघडत नसे. बायकांनी त्या पुस्तकावर विश्वास ठेवला होता.

आणि लिज्जत पापड! १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. कुणाचं दान घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भांडवल ८० रुपये, माल स्वतःच्या हातचा, आणि त्या एकदम मोठ्या झाल्या नाहीत.

या सगळ्याजणींनी आधी माल तयार केला, गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवला, पैसे नंतर आले. ब्लॉगमध्येही क्रम हाच आहे.

आता आपल्याकडे माल काय आहे ते बघू. आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस तेल, तूप, दूध, साखर, मसाला काहीही न वापरता घरातल्या तपस्वीला गिळवेल असं काय करायचं, हे किती जणींना येतं? आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, कांदा-बटाटा तर कधीच नाही, आणि घरात परीक्षेचा मुलगा आहे, तर डब्यात काय द्यायचं? सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं आणि सून साडेसहाला ऑफिसातून निघते, तर ताळमेळ कसा बसवायचा? अठ्ठाईच्या पारण्याला पहिल्या दिवशी काय द्यायचं, काय टाळायचं? पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत नव्यानं संसार मांडलेल्या आपल्या मुली हे प्रश्न रात्री अकरा वाजता मोबाईलवर शोधत असतात. यंत्र त्यांना कुठल्या तरी वरवरच्या चार ओळी देतं, आणि त्यात खुशाल बटाटा घालतं! ज्या मुलीला खरं उत्तर हवं आहे ती तुमच्यापर्यंत येईल, टिकेल, आणि मैत्रिणीला सांगेल. हजार नसेनात, दोनशे वाचक असे मिळाले तरी पुरे.

कारण आता ती चौथी वाट सुरू होते. ज्या दोनशे जणी तुमच्या मापावर विश्वास ठेवतात, त्यांतल्या वीस जणी पर्युषणाआधी तुमचे खाखरे मागवतील. मघाच्या हिशेबानं २०० वाचनांना जाहिरातीचे आठ रुपये मिळाले असते. वीस जणींनी अर्धा-अर्धा किलो खाखरे घेतले तर काय उरतं, हे तुम्हीच मांडून पाहा. कुणी आयंबिलचे डबे देईल, कुणी ऑनलाइन स्वयंपाकाचा वर्ग घेईल, कुणी नातवंडांना मराठी-गुजराती शिकवेल. खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरगुती असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करा. ब्लॉग ही पाटी आहे, माल तुमच्या हातात आहे. माझ्या मते जाहिरातीच्या पैशांना वरकड धरावं, मूळ कमाई धरू नये.

तराजू सरळ हवा

आता न्यायसंपन्न विभवाकडे येते. पाठशाळेत आपण अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते. त्यात एक आहे हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी मापं, खोटे तराजू. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलात नक्कल मिसळून विकणं. लहानपणी मला वाटायचं, हे फक्त किराणावाल्यांसाठी आहे. ब्लॉगचा धंदा पाहिल्यावर वाटतं, हे आपल्यासाठीच सांगून ठेवलं आहे.

ग्रुपवर निरोप टाकायचा, "सगळ्याजणींनी माझ्या ब्लॉगवरच्या जाहिरातींवर क्लिक करा गं, मला मदत होईल." ही मदत नाही, हे खोटं माप आहे. जाहिरातवाल्यानं खऱ्या गिऱ्हाइकासाठी पैसे मोजले आणि आपण त्याला नणंदेची बोटं दिली. गूगलला हे कळतं आणि खातं कायमचं बंद होतं. पण खातं बंद झालं नसतं तरी ते चुकीचंच होतं.

दुसऱ्याच्या ब्लॉगवरची पाककृती, फोटो उचलून आपल्या नावानं टाकणं, किंवा यंत्राकडून पन्नास लेख लिहवून "माझ्या सासूबाईंची खास पद्धत" असं वर लिहिणं, हा प्रतिरूपक व्यवहार. ज्या पदार्थाला तुमचा हात लागलेला नाही, त्याचं माप तुम्ही कशाच्या जोरावर देता?

आणि कंपनीनं मिक्सर भेट दिला, आपण त्याचं कौतुक लिहिलं, पण तो भेट मिळाला हे लिहिलं नाही, तर वाचकाला आपण अर्धंच खरं सांगितलं. आता हे सरकारी नियमातही आहे. जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅस्की या संस्थेनं १४ जून २०२१ पासून अशा लेखनावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायला सांगितलं. ग्राहक व्यवहार खात्यानंही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. शिवाय १ जुलै २०२२ पासून अशी नियमही झाला की व्यवसायाच्या निमित्तानं वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या भेटी दिल्या तर देणाऱ्यानं १० टक्के कर कापायचा. म्हणजे सरकारच्या लेखी तो फुकटचा मिक्सर ही तुमची मिळकत आहे. वाचकापासून तरी ती का लपवायची?

काय विकायचं नाही

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण याबाबत आपल्या मंडळात मतभेद आहेत.

जाहिराती आपण निवडत नाही, यंत्र निवडतं. वाचकानं आधी काय शोधलं यावर ते ठरतं. आयंबिलच्या पानाशेजारी कोंबडी घरपोच देणाऱ्याची जाहिरात आली तर? येऊ शकते. अ‍ॅडसेन्समध्ये जाहिरातींचे प्रकार आणि ठरावीक जाहिरातदार बंद करायची सोय आहे. जाहिराती सुरू करायच्या आधी एक दुपार काढून ते सगळं नीट लावा आणि नंतर अधूनमधून आपलंच पान दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. झटपट श्रीमंतीच्या, वशीकरणाच्या जाहिरातीही बंद करा. कमाई थोडी घटेल. घटू द्या. एवढं करूनही शंभर टक्के खात्री देता येत नाही, म्हणून ज्या पानांचं पावित्र्य तुम्हाला जपायचं आहे तिथे जाहिरातच लावू नका.

माझ्या मते प्रवचनांच्या नोंदी, सूत्रांचे अर्थ, साधू-साध्वीजींचे फोटो, कुणाच्या तपश्चर्येचं वर्णन यांवर जाहिरात लावू नये. काही बहिणी म्हणतात, "तासन् तास बसून आम्ही प्रवचन लिहून काढतो, ती मेहनत नाही का?" मेहनत आहेच. पण आपल्या संघात देवद्रव्य वेगळं, ज्ञानद्रव्य वेगळं, साधारण खातं वेगळं, हे शेकडो वर्षं चालत आलं आहे. एका खात्यातलं दुसऱ्यात जात नाही आणि घरात तर नाहीच. गुरूंकडून आपल्याला जे विनामूल्य मिळालं, ते विनामूल्यच पुढे द्यावं. खाखरे माझे, त्यांचे पैसे माझे. प्रवचन माझं नाही. दोन ब्लॉग करा. एक स्वयंपाकघराचा, त्यावर जाहिराती लावा. एक धर्माचा, तो कोरा ठेवा. तांत्रिकदृष्ट्याही हे सोपं आहे, एकाच ब्लॉगर खात्यात दोन ब्लॉग उघडता येतात.

तसंच सुनेचं बाळंतपण, नातवाचे फोटो, जावेशी झालेली कुरबूर. घरगुती गोष्टी लोक आवडीनं वाचतात, म्हणून मोह होतो. पण ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय लिहायची नाही. वाचनं वाढतील, घरातला विश्वास जाईल. वहीत त्याला रकाना नसतो.

खातं कुणाच्या नावावर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. ब्लॉग तुम्ही लिहिता, तर ई-मेल, अ‍ॅडसेन्स आणि बँकेचं खातं तुमच्या नावावर हवं. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या ई-मेलवर सोयीसाठी उघडलेलं खातं नंतर बदलणं कटकटीचं असतं. पासवर्ड तुम्हाला पाठ हवा, किंवा तुमच्या कपाटातल्या वहीत हवा. यात अविश्वास नाही. दुकानाची किल्ली ज्याचं दुकान त्याच्याकडे असते, एवढंच.

ही मिळकत करपात्र आहे. रक्कम परदेशातून आली की बँक कधी कधी विचारते, पैसे कशाचे. तेव्हा घाबरायचं नाही, जाहिरातीचं उत्पन्न असं सांगायचं. बहुतेकींची मिळकत इतकी कमी असेल की कर भरावाच लागणार नाही, पण नोंद ठेवा आणि घरच्या सीएंना वर्षाच्या शेवटी आकडा द्या. "माझे कसले पैसे, सातशे रुपये" असं म्हणू नका. कित्येक जणींच्या आयुष्यात स्वतःच्या नावावर स्वतःच्या कामाचे आलेले ते पहिले सातशे रुपये असतात.

म्हणून माझी सूचना अशी. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर खर्च आणि दिलेले तास लिहा, उजव्या पानावर वाचनं आणि जमा. आठवड्याला एक लेख, वर्षभर. असे बावन्न लेख होतात. पहिलं वर्ष एक पैसाही घालायचा नाही, जाहिरातींचा अर्ज वीस-पंचवीस लेख झाल्यावरच करायचा. वर्ष झालं की वही उघडा. वाचनं वाढत असतील, बायका प्रश्न विचारत असतील, तर दुसऱ्या वर्षी आपलं नाव असलेला पत्ता घ्या, खाखऱ्यांची पाटी लावा. आकडे जागचे हलले नसतील, तर थांबायलाही हरकत नाही. दुकान चाललं नाही तर शहाणा व्यापारी ते बंद करतो, घर गहाण टाकत नाही. तेव्हाही बावन्न लेख तुमच्याजवळ राहतील. ते छापून घ्या आणि लेकीच्या, सुनेच्या हातात द्या.